काही लागलं तर सांगा

अहो,

इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्ही नाशिक सोडून कुठे गेलातच नाही, तर लिहिणार कशाला? सकाळी नाशिकरोडहून अंबडला, संध्याकाळी अंबडहून नाशिकरोडला. आज लिहिते आहे, कारण मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बसले आहे आणि वर चौघांची ऑपरेशनं चालू आहेत. येवल्याचा अशोक, त्याची बायको लता, आणि सटाण्याच्या दोघी मायलेकी. त्या मायलेकींच्या जागी आपण दोघं असणार होतो.

इथे दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन विचारतं, "तुम्ही पेशंटचे कोण?" काय सांगू? चौघांच्या चपला माझ्या खुर्चीखाली आहेत. पिशव्या माझ्यापाशी आहेत. लताचं मंगळसूत्र रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये ठेवलंय. आणि नातं म्हणाल तर मी कोणाचीच कोणी नाही. तुम्ही असतात तर मी तरी कोणाची तरी कोणी असते.

पर्समध्ये तुमचा फोनही आहे. मघाशी वाजला. "मधुभाऊ आहेत का?" अजून विचारतात हो लोक. मी सांगते, "नाहीत, त्यांच्या मिसेस बोलतेय. काय काम होतं?" हे 'काय काम होतं' मी कधीपासून विचारायला लागले, ते सांगायलाच बसले आहे.

खरं सांगू, तुमच्या ओळखींचा मला फार कंटाळा होता. लग्नाला गेलो की नवरा-नवरीला बाजूला ठेवून तुम्ही मांडववाल्याशी बोलत उभे. रिक्षात बसलो की उतरायच्या आत रिक्षावाल्याचं गाव, त्याच्या मेव्हण्याचा धंदा, सगळं तुम्हाला ठाऊक. "तुम्ही कुठले?" या दोन शब्दांवर तुम्ही आयुष्य काढलंत. मी चिडवायची, "ओळखीचा चोर जीवे न सोडी, जपून राहा." तुम्ही हसायचात.

कंपनीत तुम्ही परचेसला होतात, म्हणून असेल. एखादं बेअरिंग वेळेवर आलं नाही की अख्खी लाइन थांबते, माणसं हातावर हात ठेवून बसतात, आणि सगळे परचेसच्या माणसाकडे बघतात. मग तुम्ही सातपूरच्या कुठल्या तरी स्टोअरला फोन लावायचात. "तुमच्याकडे आहे ना एक? आज द्या. आमचा माल आला की तुमचा तुम्हाला." त्यांचं अडलं की ते तुम्हाला फोन करायचे. मालकांना यातलं निम्मंही माहीत नसायचं. मी म्हणायची, "स्वतःचं नीट मागवून ठेवायचं सोडून हा शेजारधर्म कशाला?" तर तुमचं उत्तर ठरलेलं. "शैला, आपल्याकडे सगळं कधीच नसतं. कोणाकडे आहे, एवढं माहीत असलं म्हणजे झालं."

तुमच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा हेच वाक्य मी तुमच्या तोंडावर मारलं होतं. आठवतं? माझा रक्तगट ए, तुमचा बी. मी द्यायला तयार, पण माझी तुम्हाला चालत नाही. मूलबाळ नाही. तुमच्या भावाला साखर. मी म्हटलं, "आता सांगा, कोणाकडे आहे?" तुम्ही औषधाच्या डबीचं झाकण लावत राहिलात. पण डोक्यात तुमचं काम सुरू झालं होतं, हे मला नंतर कळलं.

डायलिसिसच्या त्या हॉलबाहेरचं बाकडं मला शत्रूसारखं वाटायचं. आत मशीनला जोडलेले तुम्ही, बाहेर मी. आठवड्यातून तीनदा तेच. बाकीच्या बायका विणकाम करायच्या, पोथी वाचायच्या, नाहीतर भिंतीला डोकं टेकून झोपायच्या. आणि तुम्ही आत हाताला सुया टोचलेल्या असताना शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारत होतात, "तुम्ही कुठले?"

तो अशोक होता. येवल्याचा, पैठणीच्या मागावर बसणारा. तिकडे मशीनवर जागा मिळेना म्हणून सकाळच्या एसटीने बायकोला घेऊन नाशिकला यायचा. तुम्ही त्याच्याकडून माग कसा चालतो ते शिकून घेतलंत. पदरावरचा मोर विणायला किती धीर लागतो ते ऐकून घेतलंत. मी लताला डबा द्यायला लागले, ती माझ्यासाठी येवल्याहून ताजी मेथी आणायची. याला काय ओळख म्हणायची? दुखणाइतांच्या बायका, एकमेकींच्या तोंडाकडे बघून दिवस काढत होतो.

मग एक दिवस मशीनवरून सुटल्यावर तुम्ही बाकड्यावर येऊन बसलात आणि लताला विचारलंत, "तुझा रक्तगट कोणता गं?"

"बी. म्हणून तर यांना चालत नाय. यांचा ए हाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तो चेहरा मला ओळखीचा होता. अंबडहून फोन आला आणि सातपूरला बेअरिंग सापडलं की असा व्हायचा. "शैला," तुम्ही म्हणालात, "तुझी अशोकला. लताची मला. आमचा माल आला की तुमचा तुम्हाला."

मला हसावं की रडावं कळेना. लताला तर काही समजलंच नाही. तुम्ही तिला समजावून सांगितलंत, आणि ती कितीतरी वेळ पदर तोंडाशी धरून बसली. वर किडनी बसवण्याचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या की असं करतात, कायद्याने चालतं, दोन्हीकडे घरचाच माणूस देणारा असला आणि समितीची परवानगी मिळाली की झालं. तुम्ही घरी येताना रिक्षात शीळ घालत होतात. केव्हापासून मी तुमची शीळ ऐकली नव्हती!

सगळ्या तपासण्या जुळल्या. समितीपुढे चौघं जाऊन बसलो. तारीख मिळाली. मी देवाला नवस वगैरे काही बोलले नाही, पण फ्रीजवर कॅलेंडर लावलं होतं त्याच्याकडे बघत स्वयंपाक करायची.

आणि मग ती शाल.

हातातली शीर बंद पडली म्हणून तुमच्या मानेत नळी बसवली होती. नर्स सारखी बजावायची, थंडी वाजली, अंग तापलं तर लगेच सांगा, नळीतून जंतू जातात. त्या दिवशी आतून निरोप आला, शाल हवी आहे. मी पिशवीतली शाल घेऊन आत गेले. तुम्ही म्हणालात, "एसी फार वाढवलाय यांनी." मी शाल नीट पायांपर्यंत पांघरली, कडा खुर्चीत खोचल्या, आणि बाहेर येऊन बसले. पुढच्या वेळी तुम्ही घरूनच स्वेटर घालून निघालात. मी विचारलं तर म्हणालात, "तिथे गारठा असतो."

अहो, उन्हाळा होता. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं.

का नाही बोललात? मला माहीत आहे का ते. ताप आला म्हटलं की तारीख गेली. आणि तारीख काही तुमची एकट्याची नव्हती. अशोकची होती. तुम्ही शब्द दिला होता, आणि परचेसच्या माणसाने दिलेली तारीख चुकवायची नसते. तुमच्या लेखी तो ताप म्हणजे उशिरा आलेला ट्रक होता. कसंतरी चार दिवस निभावून न्यायचं. तुमच्या शरीराची लाइन थांबत होती आणि तुम्ही स्वेटर घालून बसलात! एवढा शहाणा माणूस, सगळ्या गावाला अडचण विचारणारा, आणि स्वतःची अडचण बायकोला सांगता आली नाही?

आयसीयूत नेलं तेव्हा जंतू रक्तात पसरले होते. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी कळलं असतं तर. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा जातो. ऑपरेशनची तारीख आली, त्या दिवशी तुम्ही घरात नव्हतात आणि कॅलेंडर फ्रीजवर तसंच होतं.

दहाव्याला गोदाकाठी किती माणसं आली होती! मला निम्मी ठाऊकही नव्हती. पत्र्याचे डबे करणारे, खिळे-नटबोल्टवाले, टेम्पोवाले, सातपूरचे स्टोअरकीपर. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कोणी म्हणालं, "भाऊ समाधानाने गेले." मला संताप आला. इतकं सगळं अर्ध्यावर टाकून गेलात आणि काहीच इच्छा राहिली नाही तुमची? थोडा वेळ तरी थांबायचं होतं. कोणीतरी विचारलं असतं, काय राहिलंय, आणि मी सांगितलं असतं.

घाटाच्या कडेला लता आणि अशोक उभे होते. अशोक डायलिसिस चुकवून आला होता, तोंड सुजलेलं. लता जवळ आली. मला वाटलं आता ही विचारणार, आमचं काय. तिला ते कळलं असावं. "ताई, तसं काय इचारायला आले नाय मी. भाऊंना भेटायला आले," म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिली.

मी कोऑर्डिनेटर मॅडमकडे गेले होते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. म्हटलं, माझी किडनी आहे तशीच आहे, सगळ्या तपासण्या झाल्यात, अशोकला देऊन टाकते. त्या चांगल्या बाई आहेत. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काकू, काका होते तोवर तुम्ही अदलाबदलीतल्या होतात. आता तुम्ही अशोकच्या कोणी लागत नाही. परक्या माणसाला द्यायचं तर समिती हजार प्रश्न विचारेल, आणि एवढ्या दुःखात असलेल्या बाईचा होकार आमचे डॉक्टर धरणार नाहीत." मी बाहेर आले. वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, काय करू?

त्यानंतर घरात माणसांची रीघ. तुमच्या त्या सगळ्या ओळखी एकेक करून येऊन बसायच्या. चहा घ्यायच्या, भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघायच्या आणि उठताना तेच एक वाक्य. "वहिनी, काही लागलं तर सांगा." मी मान हलवायची. या वाक्यावर असंच करायचं असतं ना? म्हणणाऱ्याने म्हणायचं, ऐकणाऱ्याने मान हलवायची. कोणी खरंच सांगितलं तर समोरचा दाराच्या उंबऱ्यात अडखळून पडेल.

मग फोन. ज्यांना कळलं नव्हतं त्यांचे फोन महिनोन्‌महिने येत राहिले. एकदा सिन्नरचे जाधव बोलले, तुम्हाला रबरी सील पुरवायचे ते. तुम्ही गेल्याचं मी त्यांना सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, भाऊंचे लय उपकार हायेत आमच्यावर. काही लागलं तर सांगा."

काय झालं माहीत नाही. त्या दिवशी सकाळी लताचा फोन येऊन गेला होता. अशोकला आता माग ओढवत नाही, एसटीत चढताना दम लागतो, एवढंच ती बोलली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "जाधव, लागतंय."

"सांगा की."

"किडनी लागतेय."

मी पुढे बोलत राहिले, थांबले असते तर पुन्हा हिंमत झाली नसती. म्हटलं, विकत नको, फुकट नको, अदलाबदल हवी. ज्यांच्या घरात बी गटाचा पेशंट आहे आणि देणारं माणूस ए गटाचं आहे, असं कुटुंब हवंय. आमच्याकडे बरोबर त्याच्या उलट आहे.

जाधव सवयीने म्हणाले, "स्पेसिफिकेशन पाठवून द्या वहिनी, बघतो." आणि मग एकदम, "माफ करा, तोंडातून गेलं." अहो, तुम्ही गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

मग मी मान हलवणं सोडलं. जो म्हणेल 'काही लागलं तर सांगा' त्याला मी सांगायला लागले. डबेवाल्याला सांगितलं, टेम्पोवाल्याला सांगितलं, सातपूरच्या स्टोअरकीपरला सांगितलं. दोघं-तिघं उंबऱ्यात अडखळलेच. एकाने मला रस्त्यात बघून स्कूटर वळवली. बाकीच्यांनी मात्र पुढे सांगितलं.

सगळं गोडच झालं असं समजू नका. एक मनमाडचे गृहस्थ आले, रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळं जुळत होतं, पण देणाऱ्या बायकोला तपासणीत रक्तदाब निघाला. निघताना ते माझ्यावरच चिडले, उगाच आशा लावली म्हणून. एका माणसाने मालेगावहून फोन करून सरळ विचारलं, "आप किडनीवाली बाई हो ना? रेट क्या चल रहा है?" त्या दिवशी मी फोन बंद करून भांडी घासत बसले. तुमच्या भावाने येऊन सुनावलं, "वहिनी, दादाच्या नावाने हे काय चालवलंय?" मी म्हटलं, दादाच्याच नावाने चाललंय. नुसतं माझं नाव सांगितलं असतं तर फोन कोणी उचलला असता?

आणि मग एका दुपारी अनोळखी नंबर. बाईचा आवाज, अहिराणी बोलणारा, दबलेला, जणू शेजाऱ्याचा फोन मागून बोलत होती.

"मधुभाऊना घर शे का?"

त्या विमलबाई. सटाण्याजवळच्या. जाधवांचा माल घेऊन जाणारा टेम्पोवाला त्यांच्या गल्लीत राहतो. त्यांच्या मुलीला, मनीषाला, लग्नानंतर वर्षभरात हे दुखणं लागलं आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली. बाप नाही, भाऊ नाही. "मनं रगत पोरले जुळत नही, ताई," त्या म्हणाल्या. मी गट विचारले. त्यांनी कागद समोर धरून अक्षरं वाचावीत तशी सांगितली. आई ए. मुलगी बी.

मी तुमच्या आरामखुर्चीत बसले. तुम्ही बाकड्यावर बसून बघितलं होतंत तसं बघायला समोर कोणी नव्हतं. भिंतीवरच्या फोटोला म्हटलं, सापडलं हो!

इथे पत्र थांबवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

तपासण्या जुळल्यावर अशोक-लता घरी आले. लता आत चहा टाकायला गेली तेव्हा अशोक तुमच्या फोटोसमोर उभा राहून बोलला. "ताई, मला म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"भाऊंना थंडी वाजत व्हती. मी शेजारच्या खुर्चीवर व्हतो. दात वाजत व्हते त्यांचे. मला म्हणाले, गप रहा, दोघांची तारीख जाईल. मी गप राहिलो. मलाबी तारीख पाहिजे व्हती, ताई."

मी त्याला घराबाहेर जायला सांगितलं. ओरडले नाही. एवढंच म्हटलं, "जा." लता चहाचे कप हातात घेऊन दारात उभी होती, तिला काय झालं ते कळलंही नाही. ते गेल्यावर मला माझीच ती म्हण आठवली, ओळखीचा चोर जीवे न सोडी. किती सहज म्हणायची मी! तुम्ही ज्याला गाव विचारलंत, ज्याच्याकडून मोर कसा विणतात ते शिकलात, तो तुमच्या हातभर अंतरावर बसून तुम्हाला मरताना बघत होता. नर्सला एक हाक मारायची होती. एक हाक.

मी तुमचा फोन बंद करून कपाटात टाकला. किती दिवस तो तसाच होता. मला कोणाची किडनी जुळवायची नव्हती. ओळखी, माणसं, सगळ्यांचा वीट आला होता. मनात यायचं, जाऊ दे अशोकलाही, कळू दे लताला.

मग विमलबाई स्वतः आल्या. फोन लागेना म्हणून सटाण्याहून एसटीने, मुलीला घेऊन, टेम्पोवाल्याने दिलेला पत्ता विचारत. दारात उभ्या राहून घाबरत म्हणाल्या, "ताई, आमनं काई चुकनं का?" मनीषा त्यांच्यामागे भिंतीला धरून उभी होती. चोविशी-पंचविशीची पोर, पायांवर सूज, चेहरा मातीसारखा. तिच्या अंगावर स्वेटर होता.

मी तिचा हात धरला. गरम नव्हता. तिला म्हटलं, "थंडी वाजते का? खरं सांग." ती म्हणाली, "नाही काकू, एसटीच्या खिडकीतून वारा लागतो म्हणून." मी तरी काखेत थर्मामीटर लावलं. मग दोघींना जेवायला वाढलं आणि कपाटातून फोन काढला.

अशोकला मी माफ केलं, असं लिहू का? नाही लिहीत. त्या पोरीची लाइन थांबू नये म्हणून मी पुन्हा उभी राहिले, आणि त्या पोरीला लताशिवाय कोणी नव्हतं. लता अशोकला वाचवण्यासाठीच देणार होती. म्हणजे अशोक वाचल्याशिवाय मनीषा वाचत नव्हती. तुम्ही असं एकमेकांत अडकवून ठेवलंत आम्हा सगळ्यांना, की रागसुद्धा कोणावर पुरता काढता येत नाही.

ऑपरेशनची पहिली तारीख हुकली, तेही सांगते. चार दिवस राहिले होते. अशोक मशीनवर होता आणि मी बाहेर बाकड्यावर. आतून त्याचा आवाज आला. नर्सला हाक मारत होता, "सिस्टर, थंडी वाजायली. लवकर या." सगळा हॉल ऐकेल एवढ्या मोठ्याने. लता माझ्याशेजारी बसली होती, तिने डोळे मिटून घेतले. तारीख गेली. विमलबाई रडल्या, मनीषा मधल्या काळात आणखी वाळली. अशोकला दाखल केलं, नळी बदलली, औषधं दिली, आणि तो उठला. मी त्याला बघायला गेले नाही. पण ती हाक मी ऐकली. तुमच्यासाठी मारायची राहिलेली हाक त्याने स्वतःसाठी मारली. तिची किंमत तुम्ही भरलीत.

एवढं लिहीपर्यंत वरून सिस्टर खाली आली. "मनीषाचे नातेवाईक कोण?" दोनदा विचारलं. आई तर वर टेबलावर. मी इकडेतिकडे बघितलं, मग उठले.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

मी म्हटलं, "ओळखीची आहे."

सिस्टरने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किडनी चालू झाली. लघवी सुरू झाली लगेच. चांगलं आहे." अशोकचं अजून चालू आहे म्हणाली. दोघी देणाऱ्या ठीक आहेत.

मी परत येऊन बसले. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण आधी जे आलं ते वेगळंच होतं. ती किडनी तुमची होती हो. लताची, बी गटाची, समितीने तुमच्या नावावर मंजूर केलेली. ती आज तुमच्या पोटात सुरू व्हायला हवी होती, आणि मी इथे तुमची बायको म्हणून उठायला हवं होतं. त्या पोरीचं भलं होवो, शंभर वर्षं जगो ती. पण आज मला कोणी विचारू नका, बरं वाटतंय का म्हणून.

समोरच्या खुर्चीवर आत्ता एक जोडपं येऊन बसलंय. नवीन दिसतात, हातातली फाइल कोरी आहे. नवऱ्याच्या गळ्याशी मफलर आहे. बाई माझ्याकडे बघते आणि नजर खाली घालते. तुम्ही असतात तर एव्हाना त्यांचं गाव कळलं असतं.

जाते मी त्यांच्याकडे. त्याआधी तुम्हाला शब्द देते. तुमचा फोन बंद करणार नाही. कोणी 'काही लागलं तर सांगा' म्हणालं तर सांगत जाईन, आणि ज्याला लागतंय त्याच्यापर्यंत पोचवीन. अशोक वाचला तर त्याच्याशी बोलेन की नाही, ते मात्र आज सांगत नाही. आणि प्रत्येकाला तुमचा प्रश्न विचारेन, तुम्ही कुठले. पण तो दुसरा. आधी हात हातात घेऊन बघीन, अंग गरम आहे का. तुम्ही शाल मागितलीत आणि मी शालच दिली.

तुमची,
शैला